निवड वहिनींची

कुंदाताईंबद्दल चांगलं बोलणारं माणूस मला मीरा रोडला हाटकेशच्या गाळ्यांमध्ये अजून भेटायचं आहे. त्या तिथे होत्या तेव्हा नाही भेटलं, आणि त्या गाळा सोडून गेल्या त्याला आता बराच काळ झाला, तरी नाही. चहावाल्याला विचारा, तो म्हणेल, "वो लाइटवाली मैडम? बाप रे!" टेम्पोवाल्याला विचारा, तो नुसते हात जोडेल. मी चांगलं बोलायला गेलो की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. लिहिताना मधे कुणी बोलत नाही.

माझा गाळा त्यांच्या गाळ्याला लागून. माझा धंदा साउंडचा. स्पीकर, मिक्सर, माइक भाड्याने द्यायचे आणि कार्यक्रमात स्वतः बसून चालवायचे. त्यांचा धंदा स्टेजच्या दिव्यांचा. हळद असो, नवरात्र असो, जयंती असो की कुणा नेत्याचा वाढदिवस, ज्याला आवाज लागतो त्याला उजेडही लागतोच. त्यामुळे आमची निम्मी कामं एकत्र असायची. मैदानात माझं टेबल आणि त्यांचं टेबल शेजारी शेजारी, इथे गाळ्यात मधे एक भिंत. भिंत नावाला होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

ताई उत्तनजवळच्या तारोडीच्या, कोळ्यांच्या घरातल्या. नवरा वसंत याने होडी सोडून मंडप-डेकोरेशन सुरू केलं, मग हळूहळू स्टेजचे दिवे घेतले. धाकटा भाऊ नरेश हाताशी होता. वसंत काविळीने अचानक गेला. दिवसकार्य उरकून नरेश गाळ्यावर आला तर शटर आधीच वर, आणि वहिनी आत स्टुलावर बसून दिव्यांच्या काचा पुसतायत.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात?"

"अर्धा धंदा माझ्या नवऱ्याचा हाय. तो बघायला आलेय."

हे मला नरेशनेच हसत हसत सांगितलं. नरेश सगळं हसत हसतच सांगायचा.

ताई हाडापेराने मोठ्या. साडीवर वसंतचा शर्ट चढवलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात टेस्टर. बोलणं एरवी आपल्या सगळ्यांसारखंच, मराठीत हिंदी, हिंदीत इंग्रजी, शेजारच्या शहांशी थोडं गुजराती. पण राग आला की वरचं सगळं गळून पडायचं आणि खालून तारोडीची बोली वर यायची. "न्हाय" ऐकू आलं की कामगार बिडी विझवायचे.

आभार मानणं त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा अवकाळी सर आली, त्यांचा माल बाहेर टेम्पोपाशी पडलेला, मी धावत जाऊन दोन जड पेट्या आत आणून ठेवल्या. भिजून चिंब झालो. ताईंनी पेट्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उलट्या ठेवल्यात, कांबळेभाऊ."

कौतुकाचंही तेच. कुणी त्यांचं केलं तरी चालायचं नाही, आणि त्यांनी कुणाचं केलेलं मी ऐकलं नाही. कार्यक्रमाआधी दिवे लावून बघताना त्या स्टेजकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघायच्या. मी सुरुवातीला विचारलं, तुम्ही उलट्या का उभ्या राहता? "स्टेज बघायला समदे हायत," त्या म्हणाल्या. "हितं बसनाऱ्याच्या डोळ्यांत काय जातंय ते कोन बघनार?"

त्या दिवसांत आमच्या धंद्यात मूव्हिंग हेडचं वारं शिरलं होतं. ज्यांनी नीट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली एक जड पेटी, तिला दोन हात, आणि त्या दोन हातांत धरलेलं एक डोकं. मागे दिवे चालवायच्या बोर्डावर बसलेला माणूस सांगेल तसं ते डोकं मान वळवतं, वर-खाली बघतं, रंग बदलतं. त्यातही जाती आहेत. बीम म्हणजे काठीसारखा सरळ, धारदार झोत. धूर सोडला की आभाळापर्यंत दिसतो. वॉश म्हणजे मऊ, पसरणारा उजेड. तो स्वतः दिसत नाही, माणसं दाखवतो. काम देणाऱ्या पार्टीला अर्थातच बीम हवे असतात, कारण मोबाइलच्या फोटोत तेच येतात. ताईंचं म्हणणं उलटं. आधी वॉश घ्यायचे, मग जमलं तर बीम. "काठीनं मारता येतं," त्या म्हणायच्या, "पांघरता येत न्हाय."

तर वॉश घ्यायला आम्ही एकदा मुंबईत एका मोठ्या दुकानात गेलो. मला माइक बघायचे होते म्हणून मी सोबत. दुकानदाराने आम्हाला काळ्या पडद्यांच्या खोलीत बसवलं, जोराचं गाणं लावलं, धूर सोडला आणि भिंतीवरचे दिवे नाचायला लागले. मी तर खूश झालो. ताई उठल्या.

"भैया, गाना बंद करो. धुआँ भी बंद. और वो एसी भी."

खोली शांत झाली. मग पहिल्यांदा ऐकू आला तो दिव्यांच्या आतल्या पंख्यांचा घरघराट. ताई डोळे मिटून ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "अब इसको धीरे धीरे बुझाओ. एकदम धीरे." दिवा मंद होत होत आला आणि शेवटी शेवटी थरथरून फटकन विझला. "पेटताना सगळेच चांगले पेटतात," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मरतो कसा ते बघायचं." मग त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली, बोट बुडवलं आणि मला काही कळायच्या आत माझ्या गालावर हळद फासली. वर कपाळावर कुंकू. मला त्या दिव्याखाली उभं केलं. समोरच्या आरशात मी पाहिलं तर हळद शेवाळासारखी हिरवट आणि कुंकू काळं.

"आमच्याकडं हळदीचे कार्यक्रम असतात," ताई दुकानदाराला म्हणाल्या. "नवरी हिरवी दिसली तर तिच्या आईला तुम्ही समजावणार?"

दुकानदार वैतागला होता. ताई उत्तनच्या बाजूच्या, कोळ्यांच्या गावच्या आहेत हे त्याला आधी कळलं होतं. तो मागच्या माणसाला हसून म्हणाला, "मैडम मछली छाँटने आई हैं."

ताईंनी हळदीची पुडी बांधून पिशवीत टाकली. बाहेर आल्यावर एकाएकी म्हणाल्या, "मी जन्मात मासळी विकली न्हाय, कांबळेभाऊ. माझ्या आईनं विकली, सासूनं विकली. मी न्हाय विकली. पन गावाचं नाव सांगितलं की लोक सोताच आपल्या डोक्यावर टोपली ठेवतात."

मी तोंड धुवायला विसरलो होतो. हळद-कुंकवासकट तसाच घरी गेलो.

अशी पाच-सहा दुकानं पालथी घातल्यावर त्यांनी त्यांचे वॉश घेतले. ते पहिल्यांदा आमच्याच कार्यक्रमात लागले, जुन्या भाईंदरला, आमच्या समाजाच्या जयंतीत. आमच्या बायकांचे चेहरे सावळे. स्टेजवरच्या दिव्यांत ते एरवी राखेसारखे दिसतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, आम्हालाही नाही. माझी बायको गाणाऱ्यांत होती. दुसऱ्या दिवशी तिने व्हिडिओ पाहिला, थांबवला, पुन्हा पाहिला. "मी अशी दिसते?" एवढंच म्हणाली. मी हे ताईंना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या केबल गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिसते तशीच दिसली. त्यात माझं काय?"

आता त्यांची दुसरी बाजू. सदा नावाचा कामगार होता त्यांच्याकडे, वसंतच्या वेळेपासूनचा, चांगला पोक्त माणूस. दिवा ट्रसला, म्हणजे स्टेजवरच्या लोखंडी सांगाड्याला, टांगतात तेव्हा त्याच्या कडीशिवाय एक लोखंडी तार वेगळी बांधतात. कडी सुटलीच तर दिवा तारेला लटकतो, खाली येत नाही. एका कार्यक्रमात सदाने घाईत एका दिव्याला ती तार बांधली नाही. काही झालं नाही, कार्यक्रम नीट पार पडला. उतरवताना ताईंना ते दिसलं. सगळ्यांसमोर त्यांनी त्याला कामावरून काढलं. दिवाळी तोंडावर आलेली. सदाची बायको गाळ्यावर येऊन रडली. मीही मध्ये पडलो, म्हटलं, "ताई, एकदा चुकला."

"तो चुकला न्हाय. त्याला कंटाळा आला. चुकलेल्याला मी ठेवते."

सदाला त्यांनी पुन्हा घेतलं नाही. सदा तारोडीचाच, रोज रस्त्यात समोर येणारा. त्याने ओळख दाखवणं सोडलं. मला तेव्हा ताईंचा राग आला होता, आणि आजही मी म्हणेन की सणाच्या तोंडावर तसं करायला नको होतं. माणूस कठोर असावा, पण किती, याचं काही माप त्यांच्याकडे नव्हतं. काही दिवसांनी नरेशने सदाला आपल्या बाजूने परत कामावर घेतलं. सगळ्यांनी नरेशला चांगलं म्हटलं.

नरेश होताच तसा. आला की गाळ्यांच्या रांगेत जत्रा आल्यासारखं वाटायचं. सगळ्यांना वडापाव, सगळ्यांच्या खांद्यावर हात, कुणी 'शेठ', कुणी 'भाई'. कुणाच्या घरी कुणी आजारी असलं तर सगळ्यात आधी पोचणारा नरेश. मला तो आवडायचा. लपवण्यात अर्थ नाही, त्या दोघांपैकी कुणासोबत चहा घ्यायचा असं विचारलं असतं तर मी नरेशचंच नाव घेतलं असतं. त्याला कुणालाही 'नाही' म्हणता यायचं नाही. सगळं त्यातूनच झालं.

पार्ट्या बीम मागायला लागल्या. "चेहरे कोण बघतो, वहिनी? चेहरे रोज बघतात. लोकांना आभाळ पाहिजे," नरेश म्हणायचा. आणि खरंच, आमच्यासमोर कामं दुसरीकडे जायला लागली. ताई बीमच्या विरोधात होत्या असं नाही. त्यांनी बघायला सुरुवातही केली होती, त्यांच्या पद्धतीने, एकेक दिवा, एकेक दुकान. नरेशला तेवढा धीर नव्हता. खाली किनाऱ्याकडची कुठलीशी डीजे पार्टी मोडली होती, तिचा बीमचा सगळा लॉट त्याने एकदम उचलला आणि टेम्पोने गाळ्यावर आणला.

त्या दुपारचं भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं. ताईंनी एक बीम उघडा केला असावा.

"ही कडी बघ. हा खटका. बोटानं हलतोय."

"वहिनी, वर टांगल्यावर कोण बोटाने हलवणारे?"

"तो सोता हलतो रे! डोकं गरकन फिरतं तेव्हा अंगाला हिसका बसत न्हाय काय? उभ्या दिव्याला टांगनं येगळं, नाचनाऱ्याला टांगनं येगळं. आनि आतून बघ, खारी हवा खाऊन बसलाय. ह्ये परत कर."

"आता कुठे परत करू? घेतले ना."

"मग तुझ्या कामाला लाव. माझ्या कामाला ह्ये लागायचे न्हाईत."

मग नरेश हसला. "बरं बाबा, तुमच्या कामाला नाही." आणि शटरबाहेर येऊन मला डोळा मारून गेला.

बरेच दिवस तसंच चाललं. त्याची कामं वेगळी, ताईंची वेगळी. बीम वर गेले, नाचले, खाली आले, काही झालं नाही. लोक ताईंना चिडवायला लागले, "काय ताई, पडले का दिवे?"

उत्तनकडच्या डोंगरीचं काम दोघांचं मिळून होतं. मोकळं मैदान, समुद्राचं वारं, गावातल्या मंडळाचा गाण्यांचा कार्यक्रम. ताई दुसरीकडचं काम उरकून निघाल्या, वाटेत रिक्षा बंद पडली, पोचायला ऊन उतरलं. तोवर नरेशच्या माणसांनी पुढच्या ट्रसवर बीम टांगून टाकले होते, बरोबर वादकांच्या डोक्यावर. ताईंनी खालूनच बघितलं.

"उतरवा."

"वहिनी, आता वेळ कुठाय? माणसं यायला लागली. एवढा एक कार्यक्रम."

मंडळाचे लोक जमले. कुणी समजावू लागलं, कुणी आवाज चढवला. ताईंनी एका दिव्याकडे बोट केलं, "त्याला तार न्हाय." सदा वर चढला, एकदोन तारा बांधल्या, खाली येऊन म्हणाला झालं. त्याने ताईंकडे पाहिलं नाही. शेवटी ताई म्हणाल्या, "ठीक हाय. पन हलवायचे न्हाईत. नुसते पेटवीन. डोकी एका जागी." आणि बोर्डावर स्वतः बसल्या.

माझं टेबल शेजारीच होतं, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कार्यक्रम रंगला. ताईंचे वॉश चेहऱ्यांवर, आणि वर ते बीम मुकाट्याने उभे. शेवटचं नाचाचं गाणं आलं तेव्हा मंडळाचा एक कार्यकर्ता टेबलाशी आला. "ओ मावशी, फिरवा की ते! उभे ठेवायला आणलेत का?"

"न्हाय फिरनार."

तो नरेशला घेऊन आला. नरेशच्या कपाळाला गुलाल, तोंडभर हसू. "वहिनी, एक गाणं. पोरं नाचतायत." ताईंनी मान हलवली. नरेशने त्यांच्या खांद्याला धरून, अगदी लाडाने, त्यांना खुर्चीसकट बाजूला सारलं आणि बोर्डावरची बीम फिरवायची पट्टी वर ढकलली.

बीम एकदम वळवळले. आभाळात काठ्या फिरायला लागल्या. मैदानातून शिट्ट्या आल्या. ताई उठल्या आणि स्टेजकडे धावत सुटल्या. साडी, वर शर्ट, वाट अडवणारी माणसं, त्यांनी बाजूला सारलेल्या खुर्च्या. हात हलवून त्या वादकांना काहीतरी सांगत होत्या. वादकांना वाटलं, बाई नाचत येतायत. ढोलकीवाला दत्ता तर हसला त्यांच्याकडे बघून.

त्या अर्ध्या वाटेत असताना, तार न बांधलेला एक दिवा कडी सुटून पडला. दत्ताच्या उजव्या हातावर.

ढोलकीपुढे माझा माइक होता. तो आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला.

त्यानंतर नरेशने जे केलं तेही सांगायला हवं. दत्ताला उचलून गाडीत घातलं ते त्याने. दवाखान्यात रात्रंदिवस तो बसून होता. डॉक्टरांच्या मागे धावला, दत्ताच्या आईच्या पायावर डोकं ठेवून रडला. ते रडणं खोटं नव्हतं. आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याच रडक्या आवाजात तो म्हणाला, "साहेब, दिव्यांची निवड आमच्याकडे वहिनींची. कुणालाही विचारा."

पोलिसांनी विचारलं. मंडळाने तेच सांगितलं, चहावाल्याने तेच, टेम्पोवाल्याने तेच, सदानेही तेच. दिवे निवडतात त्या कुंदाताईच, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. वर्षानुवर्षं सगळ्यांनी हेच पाहिलं होतं. कुणी खोटं बोललं असं म्हणता येणार नाही.

तारोडीला घरात बैठक बसली. ती मी पाहिलेली नाही, ताईंनीच नंतर तुटक तुटक सांगितली. सासू, चुलत सासरे, भावकीतली माणसं. म्हणणं एकच, दिवे मीच निवडले असं तू हो म्हण. तू एकटी बाई, तुला कोण काय करणार? नरेशला पोरं आहेत, मुलाचं लग्न ठरायचं आहे. सासूने तर पदर पसरला. ताईंनी तिला म्हटलं, "मी निवडले असते तर पडले नसते. मी कशी हो म्हनू?"

सासू म्हणाली, "तुला घरापरीस दिवे मोठे."

ताईंनी जबाबात झालं तसं सांगितलं. लॉट कुणी आणला, पट्टी कुणी ढकलली. मीही माझं पाहिलेलं सांगितलं. दोन्ही कागदांवर उतरलं आणि तिथेच राहिलं. कारण दत्ताच्या घरच्यांनी लिहून दिलं की तो अपघात होता, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही. प्रकरण थंड झालं. नरेश सुटला. सुटला म्हणजे तो अडकलाच नव्हता. मागे एकच गोष्ट उरली, ती म्हणजे कुंदाने सख्ख्या दिराला आत टाकायचा घाट घातला होता. ती अजून सांगितली जाते.

ताईंना दत्ताला भेटायचं होतं. एकट्या जायला नको म्हणून मला सोबत घेतलं. जुन्या भाईंदरची चाळ, वरची खोली. दत्ता खाटेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. बोटं राहिली होती, पण ती पुन्हा ढोलकीवर पडणार नव्हती. ताईंनी मोसंब्यांची पिशवी खाली ठेवली. "कसा हायस?" विचारलं.

दत्ताने पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, मला माहितीये दिवे कुणी आणले. बोर्डावर कुणी हात घातला तेही मी वरून बघितलं. मी काय आंधळा नाही."

"मग तसं का न्हाय सांगितलंस?"

"नरेशभाऊने माझं सगळं केलं. औषध, ऑपरेशन, घरातला किराणा. भावाला कामाला लावला. तुम्ही काय दिलंत? खरं?" तो हसला. "खऱ्याने हात येतो का?"

त्याची बायको उठली. तिने पिशवी उचलली, ताईंच्या हातात दिली नाही, माझ्या दिली.

आम्ही खाली रस्त्यावर आलो. मला वाटलं रडतील. त्यांनी पिशवी माझ्याकडून घेतली, त्यातली मोसंबी हाताने दाबून बघितली आणि म्हणाल्या, "त्याचं बरोबर हाय." पुढे गेल्या. पुन्हा थांबल्या. "पन माझं काय चुकलं, ते सांगा ना, कांबळेभाऊ. तुम्ही व्हता ना तिथं."

मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही."

"मग असं कसं झालं?"

मी रिक्षाला हात केला.

कामं आटत गेली. बायका म्हणायला लागल्या, शुभकार्याला ती नको, तिच्या दिव्याने माणूस जायबंदी झाला. पुरुष म्हणायचे, दिवे चांगले आहेत पण बाई पोलिसात जाते. नरेशने आपला माल दुसरीकडे हलवला, तरी सहा महिने त्या रोज गाळ्यावर यायच्या, काचा पुसायच्या, प्रत्येक दिवा लावून बघायच्या आणि शटर ओढून घरी जायच्या. मी माझ्या पार्ट्यांना त्यांचं नाव सुचवायचो. पार्ट्या म्हणायच्या, "कांबळे, तुम्ही आवाजाचं बघा."

शेवटी त्यांनी माल काढला. ओळखीतल्या कुणाला देणार नाही, असं म्हणून वसईकडच्या एका दलालाला सगळे वॉश दिले. दलालाने ते महिन्याच्या आत नरेशला विकले. हे मला कळलं तेव्हा ताई गाळा रिकामा करत होत्या. मी सांगितलं, कारण दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "कड्या तपासून ठेवल्यात मी," त्या म्हणाल्या. "त्याला त्रास न्हाय व्हायचा." त्यात माया होती की विष, ते मला ओळखता आलं नाही. आता नरेशचं नाव मीरा रोडपासून विरारपर्यंत झालंय. लोक म्हणतात, बीम तर सगळेच देतात, पण नरेशशेठच्या उजेडात चेहरे काय दिसतात!

गेल्या हिवाळ्यात नरेशच्या मुलाचं लग्न झालं. तारोडीलाच, मोकळ्या जागेत, साउंड माझा. संध्याकाळी दिव्यांची चाचणी चालू होती. मी पाणी घ्यायला दुकानाकडे निघालो तर बसस्टॉपवर ताई उभ्या दिसल्या. अंगावर साधी सुती साडी, हातात पिशवी. शर्ट नव्हता, त्यामुळे आधी ओळखल्याच नाहीत. खूप वाळल्या होत्या.

"ताई, इकडे कुठे?"

"भाईंदरला, बहिणीकडं. दोन दिवस राहीन."

त्यांचं घर मैदानाच्या समोरच होतं. बोलता बोलता मैदानातले बीम वळले आणि झोत त्यांच्या बंद खिडक्यांवरून, दारावरून, अंगणातल्या तुळशीवरून सरकत गेले. एकदा गेले, पुन्हा आले. आम्ही दोघांनी ते पाहिलं.

"बोलावलं न्हाय," ताई म्हणाल्या, "पन उजेड धाडलाय घरात."

तेवढ्यात बस आली. पायरीवर चढताना त्या वळल्या. मला वाटलं, आता काही सांगतील. त्या म्हणाल्या, "जेवून जा. त्याच्याकडं जेवन चांगलं असतं." आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसल्या, मैदान दिसणार नाही अशा बाजूला. मी हात वर केला. त्या पिशवीत सुटे पैसे शोधत होत्या.

बस वळणावरून दिसेनाशी झाली. मैदानातून माझाच माणूस माइकवर मला हाका मारत होता, नवरदेव आलाय, लवकर या. मी गेलो. त्या रात्री जेवण खरंच चांगलं होतं.